मास्तरांचा चारचा फोन

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारे गृहस्थ ४४ वर्षांचे. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मुंबईला आले, ब्रोकरच्या ऑफिसात कारकुनी करता करता परीक्षा दिल्या आणि रिसर्च ॲनालिस्ट झाले. गेली सात वर्षं ते टीव्हीवर शेअर बाजाराचे तज्ज्ञ म्हणून दिसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये, बाजाराचा निर्देशांक निफ्टी २६,००० च्या वर असताना, एका स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपनीच्या, शेअरबद्दल ते बोलून गेले, "हा तर डोळे झाकून घ्या." पुढच्या पाच महिन्यांत तो शेअर निम्म्याखाली आला. "डोळे झाकून" म्हणतानाची क्लिप अजून फिरते आहे. नववीतल्या मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर त्यांच्या चेहऱ्याचं स्टिकर झालंय. मुलगा घरी काही बोलला नाही, आईला ते त्याच्या फोनमध्ये दिसलं. लग्नाकार्यात नातेवाईक म्हणतात, "दादा सांगेल त्याच्या उलटं करायचं." आणि गावचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी यांना सातवीत गणित शिकवलं, त्यांनी टीव्हीवर ऐकून निवृत्तीच्या पैशांतले सहा लाख त्याच शेअरमध्ये घातले. मास्तरांचा फोन येतो. बाजार साडेतीनला बंद होतो, पोराच्या कामात खोळंबा नको, म्हणून ते चार वाजता करतात. तीन महिन्यांत यांनी एकदाही उचललेला नाही. मास्तरांनी एक व्हॉइस मेसेज ठेवलाय: "बाळ, धरून ठेवू की विकू, एवढंच सांग."

बायको म्हणते टीव्ही सोडा. नोकरीतली कंपनी म्हणते गप्प बसा, बाजार वर आला की लोक विसरतील. वाहिनीने नवा कार्यक्रम देऊ केलाय, एक्स्पायरीच्या दिवशी, म्हणजे ऑप्शनच्या (शेअरच्या पुढच्या भावावरच्या) सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी, झटपट कॉल, म्हणजे शिफारशी. ते विचारतात: "टीव्ही सोडू का? सात वर्षांत कमावलेलं नाव सात सेकंदांत गेलं, ते परत कसं मिळवू? मास्तरांचे पैसे खिशातून भरून दिले तर सुटेन का?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. क्लिपला त्यात दीड पान आहे आणि मास्तरांना सहा ओळी. पण त्या सहा ओळींत "चार वाजता" हे शब्द तीनदा आलेत. म्हणून मी तिथूनच सुरुवात करणार आहे. नावाचं नंतर बघू.

त्याआधी एक गोष्ट मात्र स्वच्छ करायला हवी. तुम्ही लिहिता की आता तुम्ही स्वतःच स्वतःला घोटाळेबाजांच्या रांगेत बसवता. त्या रांगेत कोण बसतं ते आठवा. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, एका हिंदी बिझनेस वाहिनीच्या निवेदकावर बाजारबंदीचा आदेश काढला. कार्यक्रमात जो शेअर सुचवायचा तो त्याच्या पत्नीच्या आणि आईच्या खात्यांत आधीच घेतला जायचा आणि कार्यक्रमानंतर विकला जायचा, असं त्या आदेशात होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांच्या प्रकरणात आदेश निघाला. तज्ज्ञ काय सांगणार हे काही जणांना आधी कळायचं, ते सौदे करून ठेवायचे आणि टीव्हीवर नाव येऊन भाव उसळला की फायदा वसूल करायचे. तिथे सेबीने ७.४१ कोटी रुपये अडकवले. तुमच्याकडे तो शेअर नव्हता, घरच्यांकडे नव्हता, तुमच्या कंपनीचा रिपोर्टही तेच सांगत होता. हे सगळं तसंच असेल, आणि तुमच्या पत्रावरून मला ते तसंच वाटतं, तर तुमचा अंदाज चुकला. ती चोरी नाही. हे स्वतःला रोज सांगावं लागलं तरी सांगा, कारण स्वतःला चोर समजणारा माणूस तोंड लपवतो आणि मग ज्याला आपली गरज आहे त्याच्यापासूनही लपतो. तुमचं तेच झालंय.

मास्तर रागावलेत असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांचा मेसेज परत ऐका. "बाळ, धरून ठेवू की विकू." ज्याचा विश्वास उडाला तो माणूस तीन महिने न चुकता चार वाजता फोन करत नाही. आणि बाजार बंद व्हायची वाट तर मुळीच बघत नाही. तुमचं नाव गेलं म्हणता ना? एका घरात ते अजून जागेवर आहे, आणि तिथे तुम्ही गैरहजर आहात.

थोडं कठोर वाटेल, पण लिहिते. शेअर पडला त्यात बाजाराचा वाटा मोठा होता. निफ्टीच २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ ला टेकून मार्चच्या सुरुवातीला २२,००० च्या आसपास आला होता, आणि स्मॉलकॅप शेअरांची पडझड त्याहून वाईट होती. पण धरू की विकू हे न कळता एक म्हातारा माणूस तीन महिने बसून आहे, यात बाजाराचा काही संबंध नाही. ते सगळं तुमचं आहे, आणि म्हणूनच ते तुमच्या हातातही आहे.

आता "डोळे झाकून" या शब्दांकडे येते. तुम्ही म्हणता, बोलण्याच्या ओघात गेलं, पुढे स्टॉपलॉस, म्हणजे भाव किती खाली आला की विकून बाहेर पडायचं तो आकडा, सांगितला होता, शेवटी डिस्क्लेमरही होता. मला पटतं. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने बघा. आमच्या शेजारचे आजोबा रोज सकाळी टीव्हीसमोर वही घेऊन बसतात. एकदा मी ती वही चाळली. तीन रकाने आखलेले: नाव, भाव, टार्गेट. पानच्या पानं भरलेली, अक्षर सुरेख. मी विचारलं, "आणि स्टॉपलॉस?" तर म्हणाले, "अगं, तोवर तो माणूस पुढच्या शेअरवर गेलेला असतो, एवढं लिहून होत नाही." तुमचं चाळीस सेकंदांचं बोलणं त्या वहीत तीन शब्दांचं होतं. डिस्क्लेमरला रकानाच नाही. मास्तरांच्या घरीही अशीच वही असणार. ते तर गणिताचे मास्तर, त्यांनी रकाने पट्टीने आखले असतील.

मग टीव्हीवर बोलणाऱ्याने बोलायचं तरी काय? इथे मला अमेरिकेतल्या जिम क्रेमर यांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तुम्हाला ते ठाऊक असणारच, बाकी वाचकांसाठी सांगते. क्रेमर आधी वॉल स्ट्रीटवर स्वतःचा हेज फंड (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा बाजारात खेळवणारा फंड) चालवत होते. मार्च २००५ पासून सीएनबीसी वाहिनीवर त्यांचा 'मॅड मनी' हा कार्यक्रम सुरू आहे: बाह्या सरसावलेल्या, समोर आवाज काढणारी बटणं, आरडाओरडा. ११ मार्च २००८ ला एका प्रेक्षकाचा प्रश्न आला, बेअर स्टर्न्स या पेढीतून मी माझे पैसे काढून घेऊ का? क्रेमर ओरडूनच म्हणाले, नाही, नाही, नाही, बेअर स्टर्न्स ठीक आहे, तिथून पैसे हलवू नका. त्या दिवशी तो शेअर ६० डॉलरच्या वर होता. पाचच दिवसांनी, १६ मार्चच्या रविवारी, जेपी मॉर्गनने ती पेढी शेअरमागे २ डॉलर मोजून विकत घेत असल्याचं जाहीर झालं. (पुढे तो भाव १० डॉलर झाला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.)

क्रेमर यांचं म्हणणं असं की प्रश्न पेढीच्या खात्यात ठेवलेल्या पैशांचा होता, शेअरचा नव्हता. ते खोटंही नाही. खातेदारांचा पैसा खरंच बुडाला नाही. पण हा खुलासा आज कोणाच्या लक्षात आहे? लोकांना आठवतं ते "ठीक आहे." पुढच्या वर्षी, मार्च २००९ मध्ये, विनोदी बातम्यांचा कार्यक्रम करणारे जॉन स्टुअर्ट यांनी आपल्या कार्यक्रमात समोर बसवून त्यांना जाब विचारला. लोकांच्या निवृत्तीच्या पैशांचा तुम्ही खेळ केलात, असा त्यांचा रोख होता. त्या दिवशी क्रेमर यांनी बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं.

आता त्याच क्रेमर यांचं २००८ मधलंच दुसरं वाक्य बघा. ६ ऑक्टोबर २००८ ला सकाळच्या एका कार्यक्रमात ते म्हणाले, पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला जो पैसा लागणार असेल तो याच आठवड्यात शेअर बाजारातून काढून घ्या. घबराट पसरवतात म्हणून तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. त्या दिवशी डाऊ निर्देशांक १०,००० च्या आसपास होता. ९ मार्च २००९ ला तो ६,५४७ वर बंद झाला. ज्यांनी ऐकलं त्यांचं लग्न, शिक्षण, घराचा हप्ता वाचला असेल.

माणूस एक, वर्ष एक. पहिलं वाक्य पेढीबद्दल होतं. दुसरं वाक्य ऐकणाऱ्याच्या पैशाबद्दल होतं: तुला तो कधी लागणार आहे? बाजार पुढे वाढला असता, तरीही ते दुसरं वाक्य वाया गेलं नसतं, कारण पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवू नये हे तेजीतही खरंच असतं. तुम्ही सात वर्षं पहिल्या जातीची वाक्यं बोलत आलात. तुमच्या धंद्यातले बहुतेक जण तेच करतात, कारण वाहिनीला तेच हवं असतं. सप्टेंबरमध्ये तुम्ही एवढंच म्हणाला असतात की "निवृत्तीचा पैसा असेल तर या शेअरच्या वाटेला जाऊ नका," तर मास्तरांनी पेन खाली ठेवलं असतं. तुमचं टार्गेट चुकूनही.

जाता जाता त्या नातेवाइकांसाठी. क्रेमर सांगतील त्याच्या उलटं करणारा फंडही अमेरिकेत निघाला होता, मार्च २०२३ मध्ये. पुरेसे पैसे जमले नाहीत, वर्ष पुरं व्हायच्या आत तो गुंडाळला गेला. दादाच्या उलटं करून कोणी श्रीमंत होत नाही. लग्नात कोणी हसलं तर वाद घालू नका, जेवण करून घरी या. क्लिपच्या मागेही लागू नका. ती काढून टाकायला सांगितलीत की ती दुप्पट वेगाने फिरेल.

टीव्ही सोडायचा का, याचं एका शब्दात उत्तर मला देता येणार नाही. झोप लागत नसेल, स्टुडिओच्या पायऱ्या चढताना पोटात गोळा येत असेल, तर दोन-तीन महिने थांबा, त्यात काही कमीपणा नाही. पण आत्ता कायमचा सोडलात, तर लोकांनी तुमच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य "डोळे झाकून" हेच राहील, आणि मला वाटतं ते तुम्हाला घरातही ऐकू येत राहील. तुमच्या बायकोचं म्हणणं मात्र नीट ऐका. ते स्टिकर आधी त्यांना दिसलं, तुम्हाला सांगायच्या आधी त्या ते मनात घेऊन एकट्या वावरल्या. "टीव्ही सोडा" या दोन शब्दांत त्या बहुतेक आणखी काही सांगत आहेत. विचारा त्यांना.

एक्स्पायरीच्या दिवसाच्या कार्यक्रमाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. घेऊ नका. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ तोट्यात होते, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. हे आकडे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. गावाकडे पन्नास मास्तर अजून वही उघडून बसलेत. त्यांना तुम्ही झटपट ऑप्शन कसे सांगणार? त्याऐवजी वाहिनीकडे पाच मिनिटं मागा, महिन्यातून एकदा, "मागचे कॉल" एवढ्याच विषयावर. सहा महिन्यांपूर्वी काय सांगितलं होतं, भाव आज कुठे आहे, काय चुकलं, काय बरोबर आलं. शिफारशींच्या नोंदी किमान पाच वर्षं जपून ठेवणं नियमाने तुमच्या कंपनीवर बंधनकारक आहेच, म्हणजे सामग्री कपाटात पडलेली आहे. वाहिनी कदाचित नाही म्हणेल. मग तुमच्या नेहमीच्या वेळेतली चाळीस सेकंदं वापरा.

त्या चाळीस सेकंदांत काय बोलायचं? कंपनीची भीती खोटी नाही. उद्या कोणी नुकसानभरपाई मागायला आलं तर, हा विचार त्यांना करावाच लागतो. म्हणून परस्पर माफीनामा वाचू नका, मजकूर लिहून कंप्लायन्सकडून, म्हणजे कंपनीत नियमपालन बघणाऱ्या विभागाकडून, तपासून घ्या. साधारण असा: "सप्टेंबरमध्ये मी या शेअरबद्दल 'डोळे झाकून घ्या' म्हणालो होतो. आज भाव निम्म्याखाली आहे. शेअर ज्या कंपनीचा, तिची ग्राहकांकडून होणारी वसुली लांबत चालली होती, ती मी हलक्यात घेतली. आणि डोळे झाकून हे शब्द मी कुठल्याच शेअरबद्दल वापरायला नको होते. तुमच्याकडे हा शेअर असेल तर आधी बघा, हा पैसा तुम्हाला कधी लागणार आहे." वसुलीचं तुम्हीच पत्रात लिहिलंय, आणि मला तो पत्रातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटला. सगळा बाजार पडला होता, हे खरं असलं तरी त्या दिवशी बोलू नका. आणि बाजार वर आला की लोक विसरतील, या सल्ल्यावर विसंबू नका. तोवर कोणी घाबरून तोट्यात विकून बाहेर पडलेलं असेल. शेअर परत वर गेला तर त्याला तुमचा चेहरा आणखीच आठवेल.

हे टीव्हीवर बोलायच्या आदल्या रात्री मुलाला सांगा. नववीतलं पोर ते स्टिकर बघूनही घरी गप्प बसलं. त्याने तुम्हाला सांभाळलं, हे तुमच्या लक्षात आलं का? त्याला शेअर बाजार समजावत बसू नका. "माझं चुकलं, उद्या मी तसं सांगणार आहे, तुझ्या वर्गात पुन्हा थोडी गंमत होईल," एवढं पुरे. तो काय म्हणतो ते ऐका.

आता पैसे भरून देण्याबद्दल. तुमची कळकळ मला कळते, पण माझा सल्ला नाही असाच आहे. एक तर मास्तर घेणार नाहीत, आणि नको म्हणताना त्यांना जो संकोच होईल तो तुम्हीच त्यांच्यावर लादलेला असेल. दुसरं, तुमच्या पेशात तोटा भरून देणं म्हणजे उद्या "मी भरून देईन" असं वचन दिल्यासारखं होतं, त्याच्या जवळपासही जाऊ नये. आणि खरं सांगायचं तर ते पैसे देऊन तुम्हाला तो फोन न उचलताच मोकळं व्हायचंय.

त्यापेक्षा गावी जा. बरोबर काही नेऊ नका, शाल-श्रीफळ तर नकोच. मास्तरांच्या शेजारी बसून डिमॅटचं स्टेटमेंट उघडा. पेन्शन किती, औषधांना किती, कोणाचं लग्न, घराचं काही काम, पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा किती, हे एका कागदावर मांडा. धरू की विकू याचं उत्तर त्या कागदावरून निघेल. पडलेल्या भावात शेअर आणखी घेऊन ॲव्हरेज करायचा, म्हणजे खरेदीची सरासरी खाली आणायचा, विषयही काढू नका. तोट्यात विकायचं ठरलं तर तो भांडवली तोटा नियमांनुसार इतर भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढची आठ वर्षं ओढता येतो. गावाकडे हे कोणी सांगितलेलं नसतं. तुमच्या नोकरीच्या नियमांत असा वैयक्तिक सल्ला बसतो का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. बसत नसेल तर मास्तरांना तसं स्पष्ट सांगा, सेबीकडे नोंदणी असलेला, फक्त फी घेणारा गुंतवणूक सल्लागार शोधून द्या आणि त्याची फी तुम्ही भरा. जुन्या विद्यार्थ्याने एवढं केलेलं मास्तर घेतील.

हे उत्तर वाचणाऱ्यांत टीव्हीवर दिसणारे फार नसतील. पण ज्याला चार पैसे कळतात म्हणून सगळी भावकी विचारते, असा एकजण प्रत्येक घरात असतो: बँकेतला मेहुणा, आयटीतली भाची, विम्याचा एजंट असलेला मित्र. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी माझ्याकडे हेच दुखणं वेगळ्या शब्दांत लिहिलंय. आत्याला फंड सुचवला, पडला, आता दिवाळीला तिच्याकडे जायला नको वाटतं. त्यांनाही मी हेच सांगेन: शेअरचं नाव सांगण्याआधी पैसा कधी लागणार ते विचारा, आणि सांगितलेलं चुकलं तर समोरच्याने विचारायच्या आत तुम्ही फोन करा. आत्याला सगळ्यात जास्त काय लागतं, तर तुम्ही दिवाळीला आला नाहीत ते.

तुम्ही मात्र दिवाळीपर्यंत थांबू नका, रविवारचीही वाट बघू नका. फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं असं तुम्ही शेवटी विचारलंय. "मास्तर, तुमचे फोन बघत होतो, उचलायची हिंमत झाली नाही." यापुढचं ते बोलतील, त्यांना बोलू द्या. उद्या चार वाजता त्यांच्या फोनची वाट बघत बसू नका. साडेतीनला बाजार बंद झाला की तुम्हीच लावा.